पाटोद्याहून नगर, एका दिवसात

माझा मेहुणा नोकरीनिमित्त दुबईला असतो. गेल्या वर्षी तो इटलीला फिरायला गेला आणि रोमहून खासगी गाडी करून एका दिवसात फ्लोरेन्स पाहून आला. घरच्या ग्रुपवर त्याने शंभरएक फोटो टाकले. माझी लेक ते पाहत म्हणाली, "अब्बू, आपल्याकडं असं एका दिवसात बघून येण्यासारखं जुनं शहर नाही का?" मी म्हटलं, आहे की. फ्लोरेन्सच्या लोकांनी १४९४ मध्ये मेदिची घराण्याला शहराबाहेर काढलं, त्याच साली आपल्याकडे सीना नदीच्या काठी अहमद निजामशाहने शहर वसवायला घेतलं. पाटोद्याहून शंभरएक किलोमीटरवर ते उभं आहे आणि आपण तिथे फक्त दवाखान्याला जातो.

मग एका रविवारी ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी सांगितली. मी, बायको, लेक, भाचा आणि दहावीचे दोन विद्यार्थी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचा जार घेऊन फजरची नमाज झाली की निघालो. सौताडा, जामखेड, आष्टी, कडा असा रस्ता.

जामखेडला चहा घेताना ड्रायव्हरने विचारलं, "सर, निजामाचा किल्ला बघायचाय म्हणजे त्या रझाकारवाल्या निजामाचाच ना?" हा प्रश्न मला वर्गातही येतो आणि लग्नाच्या पंगतीतही. आपण मराठवाड्यातले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे निजाम म्हटलं की डोळ्यांसमोर हैदराबादच येतं. पण हैदराबादची असफजाही १७२४ ला सुरू झाली. नगरची निजामशाही १४९० ला उभी राहिली आणि १६३६ ला संपलीसुद्धा. दोघांमध्ये जवळपास नव्वद वर्षांची फट आहे. घराणी वेगळी, काळ वेगळा. तरी एकाचा हिशोब दुसऱ्याच्या खात्यावर मांडला जातो आणि शेवटी तो पाटोद्यातल्या एखाद्या मुस्लिम पोराकडून वसूल होतो. 'तुम्ही बाहेरून आलात' हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांनी मैदानावर ऐकलेलं आहे.

म्हणून गाडीत मी त्यांना अहमद निजामशाहच्या बापाची गोष्ट सांगितली. मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण. त्याचं घराणं पाथरीचं, म्हणजे आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातलं. लहानपणी तो बहामनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याचा नातू बुऱ्हाण निजामशाह याने वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितली, कारण ते पूर्वजांचं गाव होतं. मिळाली नाही तेव्हा लढून घेतली. फरिश्ता हा इतिहासकार नगरच्या दरबारात राहिलेला होता, त्याने हे लिहून ठेवलं आहे. नगरचा सुलतान पाथरीसाठी लढतो, आणि आमच्या पोरांना मात्र आपलं मूळ तुर्कस्तानच्या मालिकेत सापडतं. एर्तुग्रुलचे सगळे भाग भाच्याला पाठ आहेत. पाथरीला तो कधी गेलेला नाही.

नगर वीसेक किलोमीटरवर आलं की याच पट्ट्यात आत भातोडी आहे. १६२४ मध्ये मलिक अंबरने इथे मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला हरवलं. तलावाचं पाणी सोडून त्याने शत्रूची वाट चिखलाची केली होती. त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी लढत होते. शरीफजी याच लढाईत पडले. ही दोन्ही नावं कुठून आली हे मुलांना माहीत नव्हतं. नगरला शाह शरीफ यांची दर्गा आहे. मालोजीराजांनी तिथे मुलासाठी नवस केला आणि दोन्ही मुलांची नावं पिरावरून ठेवली, अशी परंपरा सांगते. दुपारी आम्ही त्या दर्ग्यात फातेहा पढलो. निजामशाहीच्या शेवटच्या तीन वर्षांत लहानग्या मुर्तझाला गादीवर बसवून ती शहाजीराजांनीच चालवली, हेही तिथल्याच ओट्यावर बसून सांगितलं. पाथरीच्या घराण्याने उभं केलेलं राज्य वेरूळच्या भोसल्यांनी शेवटपर्यंत सावरून धरलं.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र पाहून आत सोडतात. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादने वेढा घातला, तेव्हा सुरुंगाने पडलेली तटबंदी चांदबीबीने रातोरात बुजवून घेतली. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. चार वर्षांनी पुन्हा वेढा पडला आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं. हे सगळं पुस्तकात आहे. मला मात्र दुसऱ्याच कोठड्या पाहायच्या होत्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे बारा नेते इथे आणले गेले. नेहरूंनी 'भारताचा शोध' इथे लिहिला, ते सगळे सांगतात. पण मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर' याच भिंतींच्या आत लिहिलं, हे नगरमध्येही फारसं कुणी सांगत नाही. हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना लिहिलेली ती पत्रं. पत्र बाहेर जाणार नाही हे ठाऊक असताना लिहिलेली. त्यात चहा आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या आहेत. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी असताना जेलरने सुचवलं होतं की सरकारला काही कळवायचं असेल तर कळवतो. मौलानांनी काहीही मागायला नकार दिला. मी उर्दू शिकवतो. आजवर हा भाग वर्गात अनेकदा सांगितला असेल, पण त्या दगडी व्हरांड्यात उभं राहून सांगताना मध्येच थांबावं लागलं.

दमडी मशीद आणि फराहबाग भराभर पाहिले. दमडी मशिदीचं कोरीवकाम पाहून बायको म्हणाली, हे दगडात आहे की लाकडात? फराहबागेत हौदाच्या मधोमध महाल आहे. हौद कोरडा, भिंतींवर बदामाच्या आकारात प्रेमिकांची नावं. त्यात आमच्याही पोरांची नावं होती, आणि ती खोडणारं कुणी नव्हतं. सरकार लक्ष देत नाही हे खरं. पण आपण तरी उरुसाशिवाय कधी येतो?

२०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. लेकीने विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतं का?" अहिल्यादेवींचं चौंडी जामखेड तालुक्यातलं, म्हणजे सकाळी आपण त्यांच्याच मुलखातून आलो. त्या बाईने घाट, विहिरी, बारवा बांधल्या. त्यांच्या नावाबद्दल माझी काही तक्रार नाही. एक नाव लावण्यासाठी दुसरं खरवडावं लागतं, याचं वाईट वाटतं. मी तिला एवढंच सांगितलं.

संध्याकाळी पाथर्डी रस्त्याने शाह डोंगरावर गेलो. अष्टकोनी, तीन मजली, घुमट नसलेली इमारत. सगळं जग तिला चांदबीबी महाल म्हणतं. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. ती मुर्तझा निजामशाहच्या वजिराची, सलाबतखानाची कबर आहे. खापरी नळांनी आसपासच्या गावांतून शहरात पाणी आणण्याच्या कामात या माणसाचा मोठा हात होता. भातोडीचा तलावही त्याच्याच नावावर सांगतात. पाणी देणाऱ्याचं नाव गेलं आणि लढणारीचं राहिलं. आमच्या दुष्काळी भागात तरी हे उलटं व्हायला हवं होतं.

वरून नगरचे दिवे दिसत होते. मगरीब तिथेच कातळावर पढलो. परतताना कड्याजवळ भाच्याने मोबाइल पुढे केला. त्याने स्टेटसला 'चांदबीबी महाल' लिहून फोटो टाकला होता. तो काढून त्याने पुन्हा टाकला आणि विचारलं, "मामू, सलाबत उर्दूत सीनने लिहायचं की स्वादने?"

"स्वादने," मी म्हटलं.