दुसऱ्या इंजिनाचा भरवसा: भिलाई परिसर आणि जुन्या हेलिकॉप्टरांचा व्यवहार

मुंबई-हावडा लोहमार्गावरील भिलाई-3 आणि चरोदा या वस्त्या मालगाड्यांच्या यार्डाभोवती वाढल्या, तर शेजारचा पोलाद कारखाना 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. कारखान्याच्या चुनखडीच्या खाणी नंदिनी येथे असून तिथेच त्याची धावपट्टीही आहे. मात्र धावपट्टी एका जागी खिळलेली असते आणि लोहखनिज दूर दल्ली-राजहऱ्यात किंवा बैलाडिल्याच्या डोंगरात असते. त्यामुळे 2000 साली छत्तीसगढ राज्य झाल्यावर शासन आणि उद्योग या दोघांनाही हेलिकॉप्टरची निकड भासू लागली.

हलके दुहेरी इंजिनांचे हेलिकॉप्टर म्हणजे साधारणतः तीन टनांच्या आसपास वजनाचे, वैमानिकांखेरीज पाच-सहा जणांना नेणारे आणि एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या बळावर उडत राहू शकणारे यंत्र. जर्मनीच्या बो-105 ने 1967 साली आणि इटलीच्या अगुस्ता ए-109 ने 1971 साली पहिले उड्डाण केले. पुढे हाच वर्ग कंपन्यांच्या प्रवासासाठी पसंतीस उतरला.

असे यंत्र वापरलेले घेताना रंग आणि गादीपेक्षा कागदपत्रांना मोल असते. रोटरची पाती, गिअरबॉक्स, इंजिने यांतील अनेक भागांना उड्डाणतासांची मर्यादा ठरलेली असते आणि ती भरली की भाग बदलावा लागतो किंवा पूर्ण उघडून दुरुस्त करावा लागतो. म्हणून किंमत ठरते ती उरलेल्या तासांवर, आणि ज्याची नोंदवही हरवली तो भाग कितीही चकचकीत असला तरी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. मुळात यंत्रच भरवशाचे नसले की काय होते, याचा धडा पवन हंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीने घेतला. त्यांची वेस्टलँड-30 हेलिकॉप्टरे हलक्या वर्गातली नव्हती, पण ब्रिटनच्या सुमारे साडेसहा कोटी पौंडांच्या मदतीतून आलेल्या या ताफ्यातील उरलेली यंत्रे 1993 साली सुमारे नऊ लाख पौंडांना विकावी लागली.

कराचा भागही दुर्लक्षिण्याजोगा नाही. 2007 साली खासगी वापरासाठी आयात होणाऱ्या विमानांवर सीमाशुल्क लागू झाले, परंतु अनियमित प्रवासी सेवेचा, म्हणजे वेळापत्रकाविना भाड्याने उडण्याचा, परवाना असणाऱ्यांना सूट मिळाली. साहजिकच अनेक कंपन्या स्वतःच्या प्रवासासाठीही परवानाधारक झाल्या आणि त्यातून सीमाशुल्क खात्याशी वाद उद्भवले.

पण दुसऱ्या इंजिनाच्या भरवशालाही मर्यादा आहे. छत्तीसगढ शासनाचे ‘मैना’ हे ईसी-135 हेलिकॉप्टर जुलै 2007 मध्ये भोपाळहून रायपूरकडे येताना कोसळले; ऑगस्ट 2008 मध्ये हैदराबादहून रायपूरला निघालेले भाड्याचे बेल-430 बेपत्ता झाले आणि त्याचे अवशेष सुमारे तीन महिन्यांनी सापडले; सप्टेंबर 2009 मध्ये बेल-430 च्याच अपघातात आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचा मृत्यू झाला. तिन्ही यंत्रे दुहेरी इंजिनांची होती आणि तिन्ही अपघात पावसाळ्यात, जंगल-डोंगरांच्या मुलखात घडले. दुसरे इंजिन ढगात शिरलेल्या वैमानिकाला डोंगर दाखवू शकत नाही. म्हणून या भागासाठी जुने हेलिकॉप्टर घेणाऱ्याने इंजिनांच्या संख्येइतकेच हवामान-रडारकडे, जमिनीच्या सान्निध्याचा इशारा देणाऱ्या उपकरणाकडे आणि केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या वैमानिकाच्या सरावाकडे पाहिले पाहिजे, आणि सौद्यातील काही रक्कम त्यासाठी आधीच बाजूला ठेवली पाहिजे.