आंधळी सुई

सुश्रुताच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताच्या प्रकरणी एका व्याधीचे वर्णन आले आहे. मलमार्ग आणि बस्ती यांच्या मधल्या जागेत वायू ठाण मांडतो, तेथे वाटोळ्या गोट्यासारखी कठीण गाठ उभी राहते आणि लघवी तुंबते. त्या गोट्याला संस्कृतात अष्ठीला म्हणतात, म्हणून व्याधी वाताष्ठीला. पाश्चात्त्य वैद्यक ज्या अवयवाला प्रोस्टेट म्हणते, त्याला मराठी परिभाषेत अष्ठीला ग्रंथी हे नाव मिळाले ते याच शब्दावरून. सुश्रुताने जागा जवळजवळ अचूक सांगितली. परंतु त्या जागेच्या आत काय चालले आहे, हे ग्रंथी न कापता पाहावयास मिळण्यासाठी विसावे शतक सरत यावे लागले.

ही ग्रंथी अक्रोडाएवढी. मूत्रनलिका तिच्या मधून जाते. वैद्याचे बोट गुदमार्गातून तिच्या मागल्या बाजूला तेवढे पोचते. पुढची बाजू त्याला कधीच लागत नाही. आमच्या बोरीत पारावर बसणारी वडीलधारी मंडळी रात्री चार वेळा उठणे हे वयाचे लक्षण समजतात, आणि बहुधा ते खरेही असते. वयाबरोबर ही ग्रंथी साधीच वाढते. कर्करोग मात्र पुष्कळदा काही न बोलता मूळ धरतो.

1937 साली ब्वेनोस आयरिसच्या आस्त्राल्दी नावाच्या शस्त्रवैद्याने गुदमार्गातून सुई घालून या ग्रंथीचा तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे चारच वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1941 रोजी, मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी घेतली. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून कर्करोगाचे नाव घ्यावयाचे नाही, ही त्या विद्येची शिस्त. पण खानोलकरांसारखा पारखी झाला तरी सुईत जे आले त्याचीच पारख करणार. सुई भलतीकडे गेली असेल तर त्याने काय करावे?

1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानात वातानाबे यांनी ध्वनिलहरींनी या ग्रंथीचे चित्र काढले. रुग्णाला एका खास खुर्चीवर बसवीत आणि यंत्राची कांडी खालून आत जाई. ग्रंथीची कड दिसू लागली, सुईला वाट सापडली. परंतु आतला रोगट भाग आणि निरोगी भाग या चित्रात पुष्कळदा सारखेच दिसत. मग 1989 मध्ये स्टॅनफर्डच्या हॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरीव सहा जागी सहा सुया मारण्याची पद्धत मांडली. सहाच्या पुढे बारा झाल्या. त्याच सुमारास पीएसए नावाची रक्ततपासणी आली. अमेरिकेत 1986 साली ती रोगावर नजर ठेवण्यासाठी आणि 1994 साली रोग हुडकण्यासाठी मान्य झाली. रक्तातला आकडा चढला की माणूस सुयांखाली, असा क्रम जगभर पडला.

परभणीच्या मोंढ्यात व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसून धान्याचा नमुना काढतो. ते त्याला शोभते, कारण पोत्यात वरून खालपर्यंत तीच ज्वारी असते. कर्करोग तसा मिसळलेला नसतो; तो कोपरा धरून बसतो. स्तनातली गाठ दिसते, तेथे सुई जाते. या एका ग्रंथीत मात्र गाठ न पाहता, ठरीव घरे आखून टोचण्याचा प्रघात कित्येक वर्षे चालला, याचे मला मोठे नवल वाटते.

आमचे तात्या, नात्याने चुलते, 2015 साली यातून गेले. बारा तुकडे, बाराही निर्दोष. आकडा चढतच राहिला. पुढल्या वर्षी पुन्हा बारा, पुन्हा निर्दोष. वर हुडहुडी भरून ताप आला आणि आठ दिवस खाटेवर गेले. गुदमार्गातून जाणारी सुई जंतू बरोबर नेते, हे त्या रुग्णालयात आम्हांला कोणी नीट सांगितले नव्हते. असो.

चुंबकाने शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून प्रतिमा मिळविण्याची युक्ती लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखविली. त्यांना आणि मॅन्सफील्ड यांना 2003 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या एमआरआयमध्ये कर्करोगाची दाट वस्ती काळसर दिसते, आणि तेथे पाण्याच्या कणांना हिंडावयास जागा उरत नाही हेही यंत्र टिपते. मग संशयाला 1 ते 5 अशी पायरी देतात. सुई मारताना ते चित्र वैद्य मनात ठेवतो, किंवा संगणक ते ध्वनिलहरींच्या चित्रावर बसवितो, किंवा प्रत्यक्ष चुंबकाच्या बोगद्यातच सुई चालवितात.

याची कसोटी ब्रिटनमध्ये लागली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस अभ्यासात 576 पुरुषांचा एमआरआय काढला. नंतर भूल देऊन दर पाच मिलिमीटरवर सुया मारून ग्रंथीचा नकाशाच केला, आणि जुन्या रीतीचे तुकडेही घेतले. धोक्याच्या कर्करोगांपैकी जुन्या रीतीला शंभरांतले 48 सापडले, एमआरआयला 93. पण एमआरआय संशयी फार. निरोगी माणसावरही तो पुष्कळदा बोट ठेवतो. म्हणून सुईची सुटका नाहीच. पुढच्या वर्षी 11 देशांतल्या 500 पुरुषांवरचा प्रिसिजन अभ्यास आला. आधी पाहून, संशय असेल तेथेच टोचले, तेव्हा धोक्याचा रोग 38 टक्क्यांत सापडला. न पाहता टोचले तेव्हा 26 टक्क्यांत. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा. जन्मभर त्रास न देणारा रोग उगाच हुडकला जाण्याचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 9 वर आले. अशा रोगाचे नाव कानी पडले की माणूस शेत विकून शस्त्रक्रियेला निघतो, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावयास नको. शिवाय एमआरआय काढलेल्यांपैकी 28 टक्के सुईवाचूनच घरी गेले.

तात्यांना आम्ही 2018 च्या पावसाळ्यात देवगिरीने मुंबईला नेले. चित्रात ग्रंथीच्या पुढच्या भागात, बोट पोचत नाही तेथे, काळा डाग होता. चार सुया त्यावर नेमक्या मारल्या. चारांपैकी तिघींत रोग निघाला. हाडांपर्यंत गेला नव्हता. किरणोपचार झाले. परतीच्या गाडीत तात्यांनी ते मोठे पाकीट मांडीवर घेतले, खिडकीच्या उजेडात काळी फिल्म धरली आणि बराच वेळ पाहून मला विचारले, "काय रे मास्तर, हे आधी बगून मंग का नाही टोचलं त्यायनी?"

मनमाड येईपर्यंत मी त्यांना प्रॉमिस आणि प्रिसिजन सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि फिल्म पाकिटात घालून पाकीट उशाशी ठेवले.