नवीन ग्राफिक्स कार्ड लावल्यावर स्क्रीन फ्लिकर होतेय? कार्ड परत करण्याआधी हे तपासा

नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, पीसी सुरू झाला, पण स्क्रीन सारखी लुकलुकतेय किंवा सेकंदभर काळी होऊन परत येतेय? अशा वेळी पहिला संशय कार्डावर जातो. पण दोष केबल, ड्रायव्हर, मॉनिटरची सेटिंग किंवा पॉवर सप्लाय यांचाही असू शकतो.

मी वाकोल्यात राहतो. इथले बरेच जण कार्ड घ्यायला सांताक्रूझहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडच्या मार्केटमध्ये जातात. दोष केबलचा असताना कार्ड परत नेलंत, तर दुकानदार ते स्वतःच्या मॉनिटरला, स्वतःच्या केबलने लावून दाखवतो आणि ते मस्त चालतं. तुमचा दिवस फुकट. उलट कार्ड खरंच खराब असेल आणि तुम्ही आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसलात, तर रिप्लेसमेंटची मुदत निघून जाते. म्हणून क्रमाने जा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. आधी बायोसमध्ये बघा

पीसी रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबा (मदरबोर्डप्रमाणे की वेगळी असते) आणि बायोसमध्ये पाच-दहा मिनिटं थांबा. इथे विंडोज आणि त्याचा ड्रायव्हर चालू नसतो. तरीही स्क्रीन लुकलुकली, तर दोष हार्डवेअरचा आहे: केबल, पोर्ट, मॉनिटर, पॉवर किंवा कार्ड. फक्त विंडोजमध्येच होत असेल, तर ड्रायव्हर किंवा सेटिंगची शक्यता जास्त. केबल मात्र दोन्ही वेळा तपासा, कारण बायोसमध्ये केबलवर लोड कमी असतो आणि कमजोर केबलही तिथे चालून जाते.

एक लक्षात ठेवा: फोनच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर सरकणारे काळे पट्टे दिसले म्हणजे फ्लिकर नव्हे. ते कॅमेऱ्याचं शटर आणि स्क्रीनचा वेग न जुळल्यामुळे दिसतात. डोळ्यांना दिसतो तोच फ्लिकर.

२. केबल आणि पोर्ट

केबल मदरबोर्डला नाही, कार्डाच्याच पोर्टला लावली आहे ना, ते बघा. दोन्ही टोकं काढून घट्ट लावा, मग कार्डावरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.

नवीन कार्ड जास्त रिझोल्यूशन आणि जास्त रिफ्रेश रेट देतं, आणि जुन्या केबलला तो डेटा झेपत नाही. एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट प्रति सेकंद, २.० ची १८ आणि २.१ ची ४८ आहे. डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने कार्डासोबत १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण केबल जुन्या टीव्हीची लावली. दर दोन-चार मिनिटांनी स्क्रीन काळी. आम्ही सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट ६० वर आणला आणि त्रास थांबला. नवीन डिस्प्लेपोर्ट केबल लावल्यावर १४४ वरही नीट चाललं. ही टेस्ट फुकट आहे, आधी हीच करा.

३. ड्रायव्हर

टास्क मॅनेजर उघडा. बाकी स्क्रीनसोबत तोही लुकलुकत असेल, तर बहुतेक ड्रायव्हरचा दोष. तो स्थिर आणि बाकी सगळं लुकलुकतंय, तर एखादं ॲप कारण आहे.

जुन्या कार्डाचा ड्रायव्हर राहिला असेल, विशेषतः एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेला असाल, तर तो पूर्ण काढा:
• नवीन ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच डाउनलोड करून ठेवा.
• इंटरनेट बंद करा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं.
• सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत टूल चालवा. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल, तर रिकव्हरी की जवळ ठेवा.
• रीस्टार्ट करून नवीन ड्रायव्हर टाका.

सगळ्यात नवीन ड्रायव्हर नेहमी चांगलाच असतो असंही नाही. २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांवर स्क्रीन काळी पडण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एनव्हिडियाला ड्रायव्हरमधूनच दुरुस्त्या द्याव्या लागल्या. म्हणून एक जुनं व्हर्जनही टाकून बघा.

४. जी-सिंक, फ्रीसिंक

फक्त गेममध्ये, त्यातही लोडिंग स्क्रीनवर ब्राइटनेस कमी-जास्त होतोय? फ्रेम रेट उड्या मारतो तेव्हा व्हीए आणि ओएलईडी पॅनेलवर हे होतं. जी-सिंक किंवा फ्रीसिंक बंद करून बघा. थांबलं, तर कार्ड ठीक आहे.

५. पॉवर सप्लाय

डेस्कटॉपवर सगळं ठीक, पण गेम सुरू होताच स्क्रीन काळी किंवा पीसी रीस्टार्ट? पॉवर बघा. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०. आरटीएक्स ३०६० लाच १७० वॉट लागतात आणि एनव्हिडिया त्यासाठी किमान ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. कार्डाला दोन ८ पिन असतील, तर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा. साटा किंवा मोलेक्सचे स्वस्त अडॅप्टर लावून काम भागवू नका. त्यात वायर तापून वितळण्याचा धोका असतो.

मेन स्विच बंद करून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून, कार्ड एकदा काढून परत नीट बसवा. क्लिक आवाज आला पाहिजे.

६. आता कार्डावर संशय घ्या

बायोसमध्येही रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसतात, किंवा कार्ड मित्राच्या पीसीवर, दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या मॉनिटरवरही तसंच वागतं? मग कार्ड खराब आहे. फोनवर व्हिडिओ काढा, त्यात बायोसची स्क्रीन आणि कार्डाचा सिरीयल नंबर दिसू द्या. बिल आणि बॉक्स घेऊन मुदतीच्या आत दुकानात जा. वॉरंटी असूनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

सेकंड हँड कार्ड घेताय? मग हीच तपासणी पैसे देण्याआधी, दुकानातच करा: बायोस बघा, मग पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून बघा. विकणारा नाही म्हणत असेल, तर ते कार्ड घेऊ नका.