पाकिटाला डिंक होता, मेलला काय आहे?

पोस्ट थोडी लांब आहे. पण विषय तुमच्या-माझ्या खिशातला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या देशात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा. स्वस्त, पण उघडं. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावं. म्हणून आपल्या माणसांनी स्वतःच नियम केले : खुशाली कार्डावर, पैशाची किंवा सोयरिकीची गोष्ट पाकिटात. १९५० साली आंतर्देशीय पत्र आलं, तेही याच गरजेचं. सोलापूरच्या पूर्व भागातला विणकर तेलंगणातल्या गावी पत्र धाडायचा, तेव्हा त्यालाही हा फरक पक्का ठाऊक होता. कायदा शिकायची गरज नव्हती.

सरकारलाही ठाऊक होता. १८९८ च्या पोस्ट कायद्यात एकीकडे पत्र फोडणाऱ्या पोस्टाच्या कर्मचाऱ्याला शिक्षा होती आणि दुसरीकडे कलम २६ मध्ये सरकारला पत्र अडवायची मुभा होती. म्हणजे चोराला बंदी, मालकाला परवानगी!

खासगी कागदाचं काय होऊ शकतं, हे टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात दिसलं. पुण्यात त्यांच्या घराची झडती झाली. त्यात एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली होती. टिळकांचं म्हणणं, नव्या स्फोटक कायद्यावर लिहायचं म्हणून ती टिपली. पण सरकारी पक्षाने ते कार्ड पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवलं. खटला होता ‘केसरी’तल्या अग्रलेखांचा, आणि कोर्टात चर्चा घरातल्या कार्डाची! २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली.

इंग्रज गेले, कलम २६ राहिलं. १९८६ मध्ये तर पत्र अडवायचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेने मंजूर केलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. शेवटी २००२ मध्ये ते मागे घेतलं गेलं. १८९८ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या पोस्ट कायद्याने घेतली, १८ जून २०२४ पासून तो लागू आहे. त्यात पत्र अडवायचा सरकारचा अधिकार आहे, पण पत्र बेकायदा फोडणाऱ्या कर्मचाऱ्याची जुनी शिक्षा मात्र गळाली. यावर आपल्याकडे किती चर्चा झाली, तुम्हीच सांगा.

मेलचंही तसंच. आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार लेखी आदेशाने तो पाहू शकतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. पण हक्क कोर्टात मिळतो, आणि चोरी रात्री मोबाईलवर होते.

भीमा कोरेगाव प्रकरण घ्या. आरोपी रोना विल्सन यांच्या कॉम्प्युटरची प्रत ‘आर्सेनल’ या अमेरिकन कंपनीने तपासली. तिचा २०२१ चा अहवाल म्हणतो, १३ जून २०१६ ला ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून एक मेल आला, त्यातली फाईल उघडली आणि कॉम्प्युटर परक्याच्या ताब्यात गेला, तो २२ महिने. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. निकाल कोर्ट देईल. पुढे २०२२ मध्ये ‘सेंटिनेलवन’च्या संशोधकांनी आणखी एक दावा केला : काही आरोपींच्या मेल खात्यांत ‘रिकव्हरी’साठी भलताच मेल आणि फोन नंबर घातलेला होता. खरं-खोटं कोर्टात ठरेल, पण युक्ती नीट समजून घ्या. ज्याचा नंबर रिकव्हरीला, त्याच्या हातात चावी. तुम्ही पासवर्ड बदला, तो पुन्हा आत येणार.

आता आपल्या गल्लीत या. पूर्वी लिहिता न येणारा माणूस पोस्टाबाहेरच्या लेखनिकाकडून पत्र लिहून घ्यायचा. लेखनिकाला मजकूर कळायचा, पण एकाच पत्राचा. आज स्कॉलरशिपचा फॉर्म, नोकरीचा अर्ज, सगळ्याला मेल लागतो. तो काढून देतो मोबाईल दुकानवाला किंवा सेंटरवाला. पासवर्ड त्याच्या वहीत, रिकव्हरीला नंबरही कधी कधी त्याचाच. माणूस भला असेल हो, पण वही कुणाच्याही हाती लागते. आणि मेल हातात आला की फेसबुकसारख्या अनेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

म्हणून आज रात्री एवढं कराच :

१. खात्याच्या सिक्युरिटीत जाऊन रिकव्हरी नंबर आणि मेल बघा. तुमचा नसेल तर काढा.
२. कुठल्या मोबाईल-कॉम्प्युटरवर खातं उघडं आहे ते बघा. अनोळखी दिसलं की साइन आऊट.
३. सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ तपासा. तुमची पत्रं परस्पर दुसरीकडे जात नाहीत ना?
४. मग पासवर्ड बदला, दुसरीकडे कुठेही नसलेला. टू-स्टेप चालू करा.
५. ओळखीच्या नावाने फाईल आली तरी उघडण्याआधी एक फोन करा.

घरातल्या पोरांना सांगा, आई-वडिलांचं खातं हेच बघून द्या.

पैसे गेलेच तर लगेच फोन करायचा नंबर आहे १९३०. सोलापूरकराला हा आकडा विसरता येणार नाही. मे १९३० मध्येच या शहरावर मार्शल लॉ लागला आणि त्यातूनच आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. नंबर तेवढा योगायोग. पण ज्या गावाने सत्तेला तोंडावर नाही म्हटलं, त्या गावाने आपली चावी दुसऱ्याच्या वहीत ठेवू नये, एवढंच म्हणणं आहे.

पटलं तर पुढे पाठवा. तपासल्यावर काय सापडलं ते मात्र स्वतःजवळच ठेवा!