रुग्णाची निगा रुग्णाच्याच हाती : परिचारिका-शिक्षणाचा एक दुर्लक्षित अध्याय

वेदगंगेच्या काठी, कागल तालुक्यातील मुरगूड येथे एका वृद्ध शेतकऱ्याच्या भेटीस जाण्याचा योग अलीकडे आला. गृहस्थ मधुमेहाचे जुने रुग्ण. उसाच्या खोडव्यातून चालताना तुटक्या बुडख्याचे टोक त्यांच्या तळपायात शिरले आणि तीन दिवस त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. सून अंगण झाडत होती, तिला फरशीवर रक्ताचे डाग दिसले, तेव्हा उलगडा झाला. पुढे ते एका रुग्णालयात अकरा दिवस राहिले. रोज मलमपट्टी झाली, इंजेक्शने झाली, जखम भरली आणि ते घरी आले. सहा महिन्यांनी दुसऱ्या पायाला तसेच झाले. "तिथे तुम्हाला पाय रोज तपासायला कुणी सांगितले नाही का?" असे मी विचारले, तर म्हणाले, "पाय त्यांनीच बघितला की वो फादर. आमाला कोन दाखवनार?"

त्यांच्या या उत्तरात आपल्याकडील रुग्णसेवेचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे, असे मला वाटते. तो इतिहास आपल्या भागापासून फार दूर घडलेला नाही.

डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर १८८९ साली सांगलीस आले व पुढे मिरजेस स्थायिक झाले. १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय उभे राहिले. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ मध्येच सुरू झालेला असल्यामुळे कोल्हापूर संस्थानातील रुग्णांना मिरजेची वाट सोपी झाली होती. कागल-मुरगूडकडचा रुग्ण बैलगाडीने कोल्हापूर गाठावयाचा आणि तेथून आगगाडीने मिरजेस जावयाचा. शस्त्रक्रिया करावयास डॉक्टर होते, परंतु रात्रभर रुग्णाजवळ बसावयास कोण? ही अडचण ओळखून १८९७ मध्ये तेथे परिचारिकांची शाळा काढण्यात आली. मिस एलिझाबेथ फॉस्टर यांच्याकडे ते काम होते. प्रारंभीच्या विद्यार्थिनी बहुतांशी ख्रिस्ती कुटुंबांतील होत्या, कारण परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारे हे काम इतर समाजांना त्या काळी कमीपणाचे वाटे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने (स्थापना १९०९) स्त्रियांना ससून रुग्णालयात हे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा त्यांनाही टीका सहन करावी लागली. आमच्या प्रॉटेस्टंट भगिनींनी आणि सेवासदनातील त्या स्त्रियांनी दाखविलेले धैर्य आज आपण पुरेसे आठवत नाही.

या शाळांचा साचा लंडनचा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली सेंट थॉमस रुग्णालयात सुरू केलेल्या शाळेची शिस्त सर्वत्र आली : स्वच्छता, वेळेची काटेकोर नोंद, डॉक्टरांच्या आज्ञेचे पालन. रुग्णाने पडून राहावे आणि परिचारिकेने सर्व करावे, ही कल्पना त्या शिस्तीच्या पोटातच होती. गंमत अशी की, खुद्द नाइटिंगेलबाईंचा विचार एवढा अरुंद नव्हता. त्यांचे शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तक व्यवसायी परिचारिकांपेक्षा घरोघरच्या स्त्रियांसाठी लिहिलेले होते, आणि उतारवयात त्या इंग्लंडच्या खेड्यांत आरोग्य शिकविणाऱ्या स्त्रिया पाठविण्याच्या खटपटीत होत्या. हिंदुस्थानातील गावांच्या स्वच्छतेविषयीही त्यांनी १८९४ मध्ये निबंध लिहिला. शाळांनी त्यांची शिस्त तेवढी उचलली.

आम्हा कॅथॉलिकांविषयीही प्रांजळपणे लिहिले पाहिजे. धर्मभगिनींना प्रसूतिसेवेची व वैद्यकीय कार्याची मोकळीक रोमकडून मिळाली ती १९३६ साली. त्यानंतर सात वर्षांनी, १९४३ मध्ये, गुंटूर येथील सिस्टर डॉक्टर मेरी ग्लाउरी यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. आमच्या रुग्णालयांत सेवेचा आदर्श फार उंच होता. रुग्णात प्रभूला पाहावे आणि त्याचे पाय धुवावेत, असे आम्ही शिकलो. त्याचे पाय त्यालाच कसे धुवावयास शिकवावे, हा प्रश्न या आदर्शात सहसा उपस्थित होत नसे.

तो प्रश्न प्रथम उपस्थित केला कुष्ठरुग्णांनी.

मिरजेला रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभापासून आहे. कुष्ठरोगाने बोटे झडतात, मांस सडते, अशी समजूत लोकांची तर होतीच, वैद्यकशास्त्राचीही होती. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस या समजुतीची तपासणी आरंभिली. गंजलेले कुलूप त्यांना उघडेना, ते एका रुग्ण मुलाने सहज किल्ली फिरवून उघडले. पाहतात तो त्याच्या बोटाचे मांस किल्लीने कापून हाडापर्यंत गेलेले, आणि मुलाला त्याचे भानही नाही. काही रुग्णांची बोटे रात्रीत आखूड होत, त्याचे कारण शोधता झोपेत उंदीर ती कुरतडत असल्याचे आढळले. म्हणजे अवयव रोगाने झडत नव्हते. वेदना गेल्यामुळे राखण गेली होती, आणि रोजच्या जगण्यातील इजाच अवयव खात होत्या. चुलीवरचे भांडे, कुदळीचा दांडा, चपलेचा अंगठा, एवढे पुरेसे होते.

कोल्हापुरी चपलेचेच पाहा. नवी चप्पल चावते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपण दोन दिवस लंगडतो, तेल लावतो, ती काढून ठेवतो. ज्याचा पाय बधिर आहे तो लंगडत नाही. तो चालतच राहतो.

या शोधाचा शुश्रूषेवर झालेला परिणाम शस्त्रक्रियेहूनही मोठा आहे, असे माझे मत आहे. जखम भरल्यानंतर रुग्ण घरी गेला की त्याच्या पायाशी रोज कोण बसणार? कोणतेही रुग्णालय बसू शकत नाही. तेव्हा कुष्ठरोग रुग्णालयांतून एक साधा क्रम रुजला. संध्याकाळी घमेल्यात साधे पाणी घेऊन पाय वीस मिनिटे बुडवून ठेवावयाचे. वजरीने टाचेचे कडक कातडे हलके घासावयाचे. ओलसर असतानाच खोबरेल किंवा गोडे तेल चोळावयाचे. मग उजेडात तळवा उलटा करून पाहावयाचा, स्वतःला दिसत नसेल तर आरशात किंवा घरच्या माणसाकडून. कोठे लाली, कोठे फोड, कोठे ऊब वाढलेली, हे रोज पाहावयाचे. गरम भांडे फडक्याने धरावयाचे आणि मऊ रबराची चप्पल घरातही घालावयाची. पुण्याजवळ कोंढवा येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. नोशीर अँटिया याच अनुभवातून पुढे गावातील साध्या स्त्रियांना आरोग्यकार्य शिकविण्याकडे वळले, ही गोष्टही येथे नोंदवावीशी वाटते.

आणि हे सर्व शिकवावयाचे कोणी? परिचारिकेने. परंतु तिला तर करावयास शिकविले होते, शिकवावयास नव्हे. स्वतः वजरी घेऊन घासणे तिला सोपे जाई. ज्याची बोटे वाकडी झाली आहेत अशा माणसाच्या हाती वजरी देऊन आपण हात बांधून बसणे फार कठीण असते. त्याला वेळ लागतो, तेल सांडते, आणि वॉर्डातील वरिष्ठ बाईंना वाटते की विद्यार्थिनी बसून आहे.

मधुमेहाच्या बाबतीत हीच गोष्ट बॉस्टनला थोडी आधी घडली होती. डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ साली रुग्णांना वाचता येईल अशी पुस्तिका काढली, आणि १९२२ मध्ये इन्शुलिनचा वापर सुरू झाल्यावर परिचारिकांना याच कामासाठी तयार केले : रुग्णाने आपली लघवी आपण तपासावी, सुई आपण टोचून घ्यावी, पाय आपण पाहावेत. क्षयरोगाविषयीचा धडा तर मद्रासने जगाला दिला. तेथील केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, असे दिसून आले. मिरजेजवळील वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांचा काळ त्यानंतर ओसरू लागला, आणि गोळी चुकू न देण्याची जबाबदारी रुग्णाच्या घरात आली.

या विखुरलेल्या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले एका कॅथॉलिक परिचारिका-शाळेत घडलेल्या बाईने. डोरोथिया ओरेम (१९१४–२००७) वॉशिंग्टनमध्ये धर्मभगिनींनी चालविलेल्या प्रॉव्हिडन्स रुग्णालयाच्या शाळेत शिकल्या व तेथील कॅथॉलिक विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यांचा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक माणूस स्वतःची निगा राखत असतो, आजारात त्याचे हे सामर्थ्य अपुरे पडते, आणि जेवढे अपुरे पडते तेवढेच परिचारिकेने भरून काढावे, असे त्यांचे सूत्र आहे. बेशुद्ध रुग्णाचे सर्व करावे, अर्धवट बऱ्याचे अर्धे करावे, आणि तिसऱ्याला केवळ शिकवावे व धीर द्यावा. आपल्याकडील परिचर्या महाविद्यालयांत हे सिद्धांत आज पाठ करून घेतले जातात. परीक्षेत त्यांवर प्रश्नही येतात.

याच सुमारास जामखेडला (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये कार्य आरंभिले. प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रयत्न केला. तो फसला. गावाला त्या परक्या वाटल्या आणि त्यांना गाव परके वाटले. मग गावातीलच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. परिचारिकांचे काम आता या स्त्रियांना शिकविण्याचे झाले. कित्येक परिचारिकांना आपले ज्ञान असे वाटून टाकणे आरंभी जड गेले असेल. मला त्याचे नवल वाटत नाही. आम्हा धर्मगुरूंनाही प्रापंचिकांच्या हाती काही सोपविताना असेच जड जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. 'रुग्णाने स्वतःची काळजी घ्यावी' हे वाक्य रुग्णालयाच्या सोयीचेही होऊ शकते. माणसे कमी, खाटा कमी, तेव्हा रुग्णाला लवकर घरी धाडावे आणि त्याला स्वावलंबन म्हणावे, असे घडताना मी पाहिले आहे. शिकविण्यास वेळ लागतो. एका परिचारिकेकडे चाळीस रुग्ण असतील, तर ती वीस मिनिटे एका घमेल्याशी कशी बसणार? कुष्ठरोग रुग्णालयांना हे साधले, कारण तेथे रुग्ण महिनोन्‌महिने राहत, आणि समाजाने टाकलेल्या माणसांना घरी पाठविण्याची घाई कोणालाच नव्हती. २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. तरी देशात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात. पण त्या रुग्णालयांतून आलेली ही विद्या मधुमेहाच्या वॉर्डात पोहोचावी तशी पोहोचली नाही. रोग निराळा असला तरी बधिर पाय तोच आहे.

मुरगूडच्या त्या गृहस्थांकडे मी दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा गावात घरभेटीसाठी आलेली परिचर्येची एक विद्यार्थिनी ओसरीवर बसली होती. मुलगी शेजारच्याच भागातील असावी, बोली तीच होती. तिने घमेले मागविले. सूनबाई वाकू लागल्या, तशी ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही नको. आजोबांनाच करू द्या." आजोबांना पाय मांडीवर घेता येईना. दोनदा घसरला. तिने हात पुढे केला नाही, नुसते एक उशी त्यांच्या पाठीशी सरकविली. तिसऱ्या वेळी पाय आला. तिने सुनेकडून हातआरसा मागून त्यांच्या हाती दिला आणि विचारले, "काय दिसतंय, आजोबा?" त्यांनी बराच वेळ आरशात निरखले. मग करंगळीखाली बोट ठेवून म्हणाले, "हितं जरा तांबडं हाय. काल नव्हतं बघ."