‘अर्धवट’मधला वट

घराची कौले चढली, दारे बसली, फक्त गिलावा राहिला, तरी आपण म्हणतो, ‘घर अर्धवट आहे.’ काम जोत्यापाशीच थांबले असेल तरी शब्द तोच. ‘अर्धा’ मोजमाप सांगतो, ‘अर्धवट’ सांगत नाही. मग त्यात ‘अर्ध’ आले कशाला?

संस्कृतात ‘अर्ध’ शब्दाची दोन वळणे आहेत. नपुंसकलिंगी ‘अर्ध’ म्हणजे बरोबर दोनातला एक भाग. पुल्लिंगी ‘अर्ध’ म्हणजे नुसता भाग, कमीजास्त कसाही. पाणिनीने समासाचा नियम सांगताना नपुंसक ‘अर्ध’ मुद्दाम वेगळा काढला आहे. ‘अर्धपिप्पली’ म्हणजे पिंपळीचा नेमका अर्धा वाटा. मराठीत लिंगावरचा हा भेद उरला नाही, पण अर्थातला भेद ‘अर्धा’ आणि ‘अर्धवट’ या जोडीने पुन्हा उभा केलेला दिसतो.

हा सैलपणा ‘वट’ने आणला असावा. ‘वट’ म्हणजे ‘वाट’, अर्ध्या वाटेवर सोडलेले ते अर्धवट, अशी व्युत्पत्ती चटकन सुचते आणि मोहही घालते. पण पायवाट, आडवाट, चोरवाट यांत ‘वाटे’चा ‘आ’ जागचा हलत नाही. इथेच तो ऱ्हस्व का व्हावा? ‘कडवट’ आणि ‘हिरवट’ यांच्याकडे जावे, तर त्यांतला ‘व’ कडू-कडवा, हिरवा यांचाच असावा, आणि प्रत्यय आंबट, तुरट यांतल्यासारखा नुसता ‘ट’. खरे सोबती ‘रानवट’ आणि ‘खारवट’. तिथे ‘वट’ अख्खा आहे आणि अर्थ ‘त्या वळणाचा, तशा गुणाचा’. मागे संस्कृत ‘वृत्त’, प्राकृत ‘वट्ट’ असावे. अर्ध्याच्या वळणाचे ते अर्धवट! गंमत अशी की पहिला तुकडा तत्सम, दुसरा तद्भव. अस्सल तद्भव ‘अध’ हवा असेल तर स्वयंपाकघरात जावे: विरजण नीट न लागलेले दही ‘अधमुरे’.

‘निम्मा’ची कथा याहून लांबची. तो फारसी ‘नीम’, ‘नीमा’वरून आलेला दिसतो, ‘नीमहकीम’मधला ‘नीम’ तोच. पण वैदिक भाषेत अर्धा या अर्थी ‘नेम’ शब्द होता, अवेस्तात ‘नएम’. एकाच घरातली ही भावंडे. आपल्याकडे ‘नेम’ मागे पडला आणि त्याचा इराणी भाऊ फारसीचे बोट धरून मराठीत आला. अर्थ मात्र त्याने काटेकोर ठेवला: निम्मे पैसे म्हणजे निम्मेच.

अपुऱ्याकडे पाहायची जुनी रीत आकड्यांतही दडली आहे. ‘अडीच’ म्हणजे मुळात ‘अर्धतृतीय’: ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. दोन पुरे झाले आणि वर अर्धा, असा हा हिशोब नाही. तिसऱ्याकडे निघालो आणि निम्म्यावर आहोत, असा आहे. अशोकाच्या लघुशिलालेखांत अडीच वर्षांसाठी ‘अढातिय’ हे रूप येते, म्हणजे ही मोजणी बावीस शतकांहून जुनी. तसेच ‘अर्धचतुर्थ’ झिजून ‘औट’ झाले, म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचे राज्य’ म्हणजे साडेतीन घटकांचे, चौऱ्याऐंशी मिनिटांचे. इंग्रजी ‘आउट’शी त्याचा काही संबंध नाही. ‘साडे’ मात्र ‘सार्ध’वरून, म्हणजे ‘अर्ध्यासह’. तो झालेले मोजतो, ‘अडीच’ व्हायचे मोजतो.

‘अर्धवट’ हा ‘अडीच’च्या बाजूचा. विटांच्या ढिगाला कोणी ‘अर्धवट घर’ म्हणत नाही. जोते उठले, पुढे काय होणार ते डोळ्यांपुढे आले, की मग तो शब्द लागतो. म्हणून कापड अपुरे पडते, कारण ‘पुरणे’ गरजेशी बांधलेले; पण शिवण अर्धवट राहते. स्वप्न अधुरे, ग्रंथ अपूर्ण, काम अर्धवट.

शिवाय दोष कोणाचा, ते शेजारचे क्रियापद ठरवते. काम अर्धवट ‘राहिले’ तर दोष कोणाकडेच नाही, ‘ठेवले’ तर काही हेतू असावा, ‘टाकले’ म्हणताच जाब विचारल्यासारखे होते.

माणसाला लावला की शब्दाची जातच बदलते. रामदास पाध्ये यांच्यामुळे घरोघर पोहोचलेला बोलका बाहुला ‘अर्धवटराव’ लाडका झाला, पण एरवी ही शिवीच. आणि अर्ध्याने वाढलेला ‘दीडशहाणा’ही शहाणा ठरत नाही! ‘काम अर्धवट आहे’ यातले ‘आहे’ आजपुरते असते. ‘तो अर्धवट आहे’ यातले कायमचे. पूर्णत्वाची वाट पाहणाऱ्या शब्दातून ती वाट पाहणेच निघून जाते, उरते नुसते उणे. म्हणून मला तो भिंतीला, शिवणीला, झोपेला शोभतो असे वाटते; माणसाला नाही.