जादूगाराचं नाणं आणि भामट्याचं नाणं

इंदिरानगरातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत मागे एका ताईनं रुमालात बांधून तांब्याचं एक नाणं आणलं. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८. तिच्या दिराला कुणी सांगितलं होतं, की हे नाणं तांदूळ ओढतं, लाखोंना जाईल, फक्त तपासणीचे २०,००० रुपये आधी भरा. तेच पैसे तिला गटाकडून कर्जाऊ हवे होते. आम्ही दिले नाहीत. ती रुसली. मग आम्हीच नाण्यांच्या जादूचा माग काढायला बसलो.

जादूगार हवेतून नाणी काढतो, पोराच्या कानामागून काढतो, डब्यात खणखण टाकतो. या खेळात जगभर नाव कमावलं ते टी. नेल्सन डाउन्स यानं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला हा रेल्वेचा तारबाबू. नोकरी सोडून रंगमंचावर आला आणि १८९९ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात गाजला. लोक त्याला नाण्यांचा राजा म्हणत. पण त्याच्या हातातली नाणी चलनातली नसत. असल्या खेळासाठी बिल्ले वेगळे पाडून घेतात. आकार मोठा, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही दिसावा. जाडी कमी, म्हणजे एका तळहातात गड्डी लपावी. आणि कडेला दाते, म्हणजे बोटांतून निसटू नये. जादूगारांची नावं, चेहरे असलेले असे बिल्ले आज शौकीन लोक जपून ठेवतात.

आणखीही करामती आहेत. खऱ्या नाण्यावर टोपीसारखं बसणारं पोकळ नाणं असतं. तुकडे रबरानं जोडलेलं, दुमडून बाटलीत जाणारं नाणं असतं. दोन्ही बाजूंना छाप असलेलं तर तुम्ही पाहिलंच आहे, ‘शोले’मध्ये जयच्या हातात!

आपल्याकडे पुण्याचे जादूगार रघुवीर देशोदेशी खेळ करून आले, पुढे त्यांच्या मुलानं आणि नातवानंही ती कला चालवली. त्यांच्या खेळाला आपण तिकीट काढून जातो, हसत फसतो आणि घरी येतो. कुणाचं मंगळसूत्र गहाण पडत नाही.

आता ताईचं नाणं. १८३५ पर्यंत कंपनीच्या मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. मुंबईच्या तांब्याच्या नाण्यावर तराजू असे आणि फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. हनुमान नव्हता. आपल्या आज्यांना आठवणारं नागमोडी कडेचं एक आण्याचं नाणं आलं १९०७ साली. म्हणजे हा बिल्ला जत्रेत विकायला पाडलेला. देवघरात ठेवा, हरकत नाही. पण कंपनीचं नाणं म्हणून विकणं ही लबाडी.

खरं जुनं नाणं कसं असतं? आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला १९०६ साली चांदीची १३,००० हून जास्त नाणी सापडली. ती नहपान राजाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं जिंकल्यावर आपला ठसा मारलेला. एवढ्यांतल्या एकानंही तांदूळ ओढल्याचं ऐकिवात नाही. जुनी नाणी बघायची असतील तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली. गटानं एकदा सहल काढावी.

तांदळाची युक्ती अगदी साधी आहे. दाण्यांना लोखंडाचा बारीक कीस चिकटवायचा आणि नाण्याखाली लोहचुंबक धरायचं. आम्ही लोखंडी कामाच्या दुकानातून कीस आणला, जुन्या स्पीकरचं चुंबक घेतलं आणि बैठकीत करून पाहिलं. तांदूळ उड्या मारत गेले. ताई आधी हसली, मग बराच वेळ गप्प बसली.

असा चमत्कार दाखवून पैसे उकळणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय दंड. कुणी ‘तपासणी फी’ मागितली, तर एक रुपयाही न देता पोलिसांकडे जा.

दीर मात्र अजून मानत नाही. पुढच्या बैठकीला त्यालाही बोलावलंय. नाणं त्यानं आणायचं, तांदूळ आमचे.